पोस्टरच्या कोपऱ्यातली सही

१९४० साली प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत ज्ञानेश्वर’ पडद्यावर आला तेव्हा नगर जिल्ह्याला त्यावर दुहेरी हक्क सांगता आला असता. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती याच जिल्ह्यातल्या नेवाशात, शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ती सांगितली असं वारकरी मानतात, तो पैस खांब प्रवरेकाठी आजही पूजला जातो. आणि पडद्यावर ज्ञानेश्वर झालेले शाहू मोडक हे अहमदनगरच्या एका ख्रिस्ती घरातले. चित्रपटाचे दिग्दर्शक होते विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. दोघंही मुळात रंगकामातले. कोल्हापुरात नाटकाचे पडदे रंगवणाऱ्यांच्या संगतीत त्यांचा हात तयार झाला आणि तिथूनच ते सिनेमात आले.

मराठी सिनेमाची पहिली फळीच चित्रकारांची होती. त्यामुळे त्याची जाहिरातही सुरुवातीपासून चित्रकारांच्या हातात राहिली. कागदावर छापायची, खळ लावून भिंतीवर चिकटवायची आणि पुढच्या शुक्रवारी दुसऱ्या कागदाखाली गाडून टाकायची, एवढंच त्या चित्राचं आयुष्य. तरीही करणाऱ्याने त्यात जीव ओतलेला असे, आणि पुष्कळदा खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत त्याची सही असे. जुनी पोस्टरं गोळा करणारे जगभरचे लोक पोस्टरवर नटाची, गायकाची, दिग्दर्शकाची सही शोधतात. महाराष्ट्रातल्या पोस्टरांचा इतिहास उलगडायचा तर आधी ही कोपऱ्यातली, चित्राबरोबरच छापून आलेली सही वाचावी लागते.

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. फाळके स्वतः जे. जे. कलाशाळेत शिकलेले आणि राजा रविवर्म्यांच्या छापखान्याशी संबंध आलेले. चित्र दगडावरून कागदावर कसं उतरतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्या काळची जाहिरात मात्र मुख्यतः वर्तमानपत्रातल्या मजकुराची आणि हातात वाटायच्या पत्रकांची. चित्रपटाचं भलंमोठं रंगीत चित्र भिंतीवर लावून लोकांना थिएटरकडे ओढायचं, ही कल्पना रुजवण्याचं श्रेय कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांकडे जातं.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म १८९० चा. चुलतभाऊ आनंदराव आणि ते मिळून नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवत. हे काम इतकं नावाजलं गेलं की मेस्त्री हे आडनाव मागे पडलं आणि ‘पेंटर’ हेच आडनाव होऊन बसलं. दोघांनाही सिनेमाचं वेड लागलं होतं. १९१६ साली आनंदराव गेले. बाबूरावांनी कॅमेरा स्वतःच्या हाताने घडवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि १९२० मध्ये पुण्याच्या आर्यन थिएटरात ‘सैरंध्री’ दाखवला. चित्रीकरणाआधी पात्रांच्या वेशभूषेची आणि देखाव्यांची रेखाटनं ते स्वतः करत. चित्रपट आधी कागदावर उतरे, मग फिल्मवर. अशा माणसाला पोस्टर दुसऱ्या कुणावर सोपवणं जमणारं नव्हतं. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चं त्यांनी केलेलं पोस्टर आज हाती असलेल्या सर्वांत जुन्या सचित्र भारतीय पोस्टरांत गणलं जातं. चित्रपटाची गोष्ट आणि छायाचित्रं असलेल्या पुस्तिकाही त्यांनी काढल्या.

या पोस्टराचं मोल आणखी एका कारणाने मोठं आहे. आपल्याकडे मूकपटांच्या काळात तेराशेच्या आसपास चित्रपट झाले. त्यांतले तीसही आज धड उरलेले नाहीत. बाबूरावांचे बहुतेक मूकपटही नाहीसे झाले. ज्या काळाची फिल्म जळाली, विरघळली किंवा चांदी काढायला विकली गेली, त्या काळाचा रंग, पेहराव, अक्षरवळण आणि प्रेक्षकाला काय दाखवून बोलवायचं याची समज, हे सगळं आता कागदावरच शोधावं लागतं.

तो कागद तयार कसा होत असे, हे जवळून पाहण्याजोगं आहे. चित्रकार आधी मूळ चित्र काढी. ते छापखान्यात गेलं की शिळाछापाचा कारागीर त्यातले रंग वेगळे करी. पिवळ्यासाठी एक दगड किंवा जस्ताचा पत्रा, लालासाठी दुसरा, निळ्यासाठी तिसरा, काळ्यासाठी आणखी एक. तेलकट खडूने आणि शाईने तो प्रत्येकावर चित्राचा तेवढाच भाग उतरवून काढी. तेल पाणी झटकतं आणि शाई धरतं, यावर ही सगळी छपाई चाले. एकाच कागदावर एकामागून एक रंग चढत. प्रत्येक वेळी कागद नेमका त्याच जागी बसायला हवा. कागद किंचित सरकला तरी नटीच्या ओठांचा रंग गालावर जाई. दगडावरून थेट कागदावर छापायचं असेल तर सगळं उलटं काढावं लागे, अक्षरं उलटी आणि सहीसुद्धा उलटी. म्हणजे शिळाछापाच्या पोस्टरवर दिसणारी चित्रकाराची सही बऱ्याचदा दुसऱ्याच एका माणसाने, आरशात पाहिल्यासारखी, जिवापाड नक्कल करून उतरवलेली असते. त्या दुसऱ्या माणसाचं नाव कागदावर कुठेच नसतं. छापखान्याचं नाव मात्र खालच्या कडेला बारीक टायपात सापडतं, आणि संग्राहकाच्या दृष्टीने ती ओळ सोन्याच्या मोलाची असते.

१ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी कोल्हापुरात ‘प्रभात’ सुरू केली. १९३३ मध्ये ती पुण्याला आली. कलाविभाग फत्तेलालांकडे, म्हणजे सगळ्यांच्या ‘साहेबमामां’कडे होता. १९३६ चा ‘संत तुकाराम’ व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवापर्यंत पोहोचला आणि इकडे बैलगाड्या जुंपून लोक तो पाहायला येत. तुतारी फुंकणाऱ्या स्त्रीची प्रभातची मुद्रा पाहिली तरी लक्षात येतं की रेषेवर हुकमत असलेले लोक या कंपनीच्या मुळाशी होते.

बोलपटांचा व्यवसाय मुंबईत एकवटला तसे चित्रकारही मुंबईकडे निघाले. गुलबर्ग्याहून आलेल्या एस. एम. पंडितांनी ‘फिल्मइंडिया’ मासिकासाठी आणि चित्रपटांसाठी केलेली चित्रं भडक तरी भरीव असत. चेहऱ्यावर एका बाजूने पडलेला उजेड आणि दुसरीकडची गडद सावली यांतून नट-नटी जणू कागदाबाहेर येत. गोव्यात जन्मलेले रघुवीर मुळगावकर तर मराठी घरांत कॅलेंडरं आणि दिवाळी अंकांची मुखपृष्ठं यांमुळे पोहोचले. त्यांची वळणदार सही ज्यांना चित्रकलेतलं फारसं कळत नसे तेही ओळखत. मकबूल फिदा हुसेन यांनी तरुणपणी मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवली, चौरस फुटाच्या दराने मजुरी घेऊन. पुढे जगाने त्यांची सही ओळखली, पण त्या काळातलं त्यांचं काम ऊनपावसात संपून गेलं.

कोल्हापूरचेच जी. कांबळे, म्हणजे गोपाळ बळवंत कांबळे, यांची कहाणी याहून वेगळी आहे. शांतारामांच्या राजकमल कलामंदिरासाठी त्यांनी मोठमोठी कामं केली. के. आसिफ यांच्या ‘मुघल-ए-आझम’साठीही त्यांचाच कुंचला चालला. ५ ऑगस्ट १९६० रोजी तो चित्रपट मुंबईच्या मराठा मंदिरात लागला आणि त्याच्या जाहिरातीचा थाट वर्षानुवर्षं बोलला गेला. याच कांबळ्यांनी रंगवलेलं शिवछत्रपतींचं चित्र पुढे महाराष्ट्र शासनाने अधिकृत म्हणून स्वीकारलं. शासकीय कचेऱ्यांच्या आणि शाळांच्या भिंतींवर लोक ते रोज पाहतात. सिनेमाच्या पोस्टरवर तयार झालेला हात महाराष्ट्राच्या रोजच्या नजरेत किती खोल गेला आहे, याचं एवढं एक उदाहरण पुरेसं आहे.

त्यानंतरच्या पिढीत दिवाकर करकरे आले. ‘दीवार’सारख्या सत्तरच्या दशकातल्या चित्रपटांची पोस्टरं त्यांच्या स्टुडिओतून निघाली आणि ‘दिवाकर’ ही मोहोर कोपऱ्यात दिसू लागली. पद्धतही बदलली होती. नटाचा फोटो मोठा करायचा, कापून मांडायचा आणि त्यावर पॅलेट नाइफने, म्हणजे रंग कालवायच्या सपाट सुरीने, जाड रंगाचे फटकारे मारायचे. चेहरा फोटोतला, पण त्यावरचा राग रंगातला. संतापलेल्या नायकाचा काळ आणि ही खरबरीत सुरी यांचं चांगलं जमलं.

मुंबईत छापलेला हा कागद तालुक्याच्या गावी पोहोचत असे तो वितरकांमार्फत. चित्रपट-धंद्याने देशाची वाटणी स्वतःच्या नकाशाप्रमाणे केली होती, आणि नेवासा तालुका या नकाशाच्या अगदी सीमेवर येतो. प्रवरासंगमला प्रवरा गोदावरीला मिळते. नदीच्या अलीकडे नगर जिल्हा, पूर्वीचा मुंबई इलाखा. पलीकडे गंगापूर तालुक्यातलं कायगाव, १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यातलं. संस्थान गेलं, भाषावार राज्यं झाली, पण धंद्याच्या बोलीत मराठवाडा ‘निझाम’ टेरिटरीतच राहिला आणि नगर बॉम्बे टेरिटरीत. त्यामुळे एकाच महामार्गावर, एका पुलाच्या दोन टोकांना, एकाच चित्रपटाचे हक्क वेगवेगळ्या वितरकांकडे असू शकत. जुन्या पोस्टरवर वितरकाचा शिक्का किंवा खाली छापलेलं नाव आढळलं, तर तो कागद नदीच्या कुठल्या बाजूला फिरला असेल याचा अंदाज बांधता येतो.

रिळांचे पत्र्याचे डबे पेटीत भरून येत आणि त्यांच्याबरोबर ‘पब्लिसिटी’ येई: घडी घातलेली पोस्टरं, काचेच्या शोकेसमध्ये लावायचा फोटोसेट, कधी गाण्यांच्या पुस्तिका. भारतातल्या नेहमीच्या पोस्टरचं माप ३० बाय ४० इंच, कागद पातळ. त्याच्या घड्या पडलेल्या असायच्या हे ठरलेलंच. अस्सल जुन्या पोस्टरवर घडीच्या रेघा दिसतात त्या म्हणूनच. थिएटरवाले पोस्टरवर वेगळी पट्टी चिकटवत: ‘आजपासून’, ‘रोज ३ खेळ’, ‘दुसरा आठवडा’. थिएटरचं नाव गावातला पेंटर हाताने लिहून देई. तोच पेंटर दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, निवडणुकीच्या भिंती आणि शाळेतले सुविचारही रंगवी. मुंबईच्या चित्रकाराची छापील सही आणि गावच्या पेंटरचं हाताने लिहिलेलं अक्षर, अशी दोन माणसं एकाच कागदावर भेटत.

ज्या गावांत थिएटर नव्हतं तिथे टुरिंग टॉकीज जाई. जत्रांचा हंगाम सुरू झाला की पाळणे, तमाशाचे फड आणि मिठाईच्या दुकानांशेजारी सिनेमाचा तंबू उभा राही. ट्रकमध्येच प्रोजेक्टर, समोर लांबवर पांढरा पडदा, खाली जमीन, बसायला घरून आणलेलं पोतं किंवा घोंगडी. दिवसा ट्रकच्या अंगाला आणि बांबूच्या चौकटीवर पोस्टरं लागत आणि भोंग्यावरून पुकारा चाले. दादा कोंडक्यांच्या १९७१ च्या ‘सोंगाड्या’पासून १९९१ च्या ‘माहेरची साडी’पर्यंत कितीतरी मराठी चित्रपटांनी या तंबूंत गर्दी खेचली. संतपटही चालत. पडद्यावर देव आला की हात जोडणारे प्रेक्षक आणि पोस्टरवरच्या देवाच्या चित्रावर पाय पडू न देणारे लोक एकाच गावातले होते.

तंबूतलं पोस्टर मात्र क्वचितच वाचे. एकच कागद गावोगाव फिरे, काढताना फाटे, पुन्हा चिकटे, दहिवराने ओला होई. शेवटी त्याचा उपयोग कपाटाच्या फळीवर घालायला, पुस्तकाला कव्हर म्हणून किंवा गळक्या छपराला आतून लावायला होई. अमित मधेशिया आणि शर्ली अब्राहम यांनी महाराष्ट्रातल्या या फिरत्या सिनेमावर अनेक वर्षं काम केलं. मधेशिया यांच्या तंबूतल्या प्रेक्षकांच्या छायाचित्रांना २०११ मध्ये वर्ल्ड प्रेस फोटोचा पुरस्कार मिळाला आणि दोघांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात गाजला. रिळं जाऊन डिजिटल यंत्रं आली आणि हा धंदा कसा ढासळला, हे त्यात नोंदलं गेलं आहे.

रंगवलेलं पोस्टर त्याआधीच मागे पडत चाललं होतं. संगणकावर मांडणी आणि फ्लेक्सवर छपाई सुरू झाल्यावर होर्डिंग रंगवणारे एकेक करून कामाविना बसले. मुंबईच्या ग्रँट रोडवरच्या आल्फ्रेड टॉकीजमध्ये शेख रेहमान हे चित्रकार अगदी अलीकडेपर्यंत हाताने होर्डिंगं रंगवत होते. त्यांच्यावर ‘ओरिजिनल कॉपी’ नावाचा जर्मन माहितीपट निघाला. त्यांच्या कामातही तेच घडे: आठवडा संपला की चित्रावर पांढरा हात मारायचा आणि त्याच कापडावर पुढचा चित्रपट रंगवायचा.

जगात दुसरीकडे असाच टाकाऊ मानलेला कागद कसा जपला गेला, याचं एक बोलकं उदाहरण न्यूयॉर्कच्या ब्राँक्सचं आहे. ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक ॲव्हेन्यूवरच्या एका इमारतीत डीजे कूल हर्क यांनी तबकड्या वाजवल्या, आणि हिप-हॉपची सुरुवात त्या रात्रीपासून मानतात. या गरीब वस्तीतल्या कार्यक्रमांची पत्रकं बडी एस्क्वायर आणि फेज टू यांच्यासारखी तरुण मुलं हाताने काढत, फोटोकॉपी करत आणि वाटत. १९८३ मध्ये चार्ली एहर्न यांचा ‘वाइल्ड स्टाइल’ आला. त्याच्या नावाची गुंतागुंतीची रंगीत अक्षरं झेफर या भित्तिचित्रकाराच्या आराखड्यातून आली होती. चित्रपटात काम केलं होतं ते ली क्विन्योनेस आणि लेडी पिंक या खऱ्याखुऱ्या भित्तिचित्रकारांनी आणि फॅब फाइव्ह फ्रेडी यांनी. रेल्वेच्या डब्यांवर आपलं नाव रंगवणं हीच या मंडळींची कला होती. म्हणून ‘वाइल्ड स्टाइल’च्या जुन्या पोस्टरवर त्यांची सही असली की संग्राहक त्याला जास्त मोल देतात. तिथे पडद्यावरचा नट आणि भिंतीवरचा चित्रकार एकच होता, त्यामुळे सही कुणाची मौल्यवान हा प्रश्नच उरला नाही. पुढे २००७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाने हिप-हॉपचा संग्रह उभारला आणि बडी एस्क्वायरची पत्रकं ग्रंथालयाच्या पेटीत मानाने जाऊन बसली. मूळ कार्यक्रमानंतर तीस-पस्तीस वर्षांत हे झालं, करणारे हयात असताना. त्यामुळे कोणतं पत्रक कुणी काढलं, अक्षरं कुणाची, हे त्यांनाच विचारता आलं.

महाराष्ट्रात हे काम सुरू व्हायला उशीर झाला असं म्हणता येणार नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं ते फेब्रुवारी १९६४ मध्ये. त्याचा पाया घालणारे पी. के. नायर फिल्मच्या डब्यांमागे जितके धावले तितकेच पोस्टरं, पुस्तिका आणि फोटो यांच्यामागेही धावले. जिथे प्रभातचा स्टुडिओ होता तिथे आज चित्रपट शिक्षणाची संस्था आहे, आणि तिच्या आवारातल्या भांडारात जानेवारी २००३ मध्ये लागलेल्या आगीत शेकडो जुन्या नायट्रेट फिल्म भस्मसात झाल्या. त्या आगीनंतर कागदी ठेव्याचं महत्त्व आणखीच वाढलं. २००२ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने हिंदी चित्रपटांच्या पोस्टरांचं आणि जाहिरातकलेचं मोठं प्रदर्शन भरवलं. ‘ओशियान्स’ने पोस्टरांचे लिलाव केले. मुंबईच्या चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर रद्दीच्या भावाने मिळणारा कागद तेव्हापासून निवडून, भाव सांगून विकला जाऊ लागला.

भाव आला की नकलाही आल्या. म्हणून जाणता संग्राहक पोस्टर हातात घेतल्यावर आधी भिंग काढतो. शिळाछापाच्या पोस्टरवर रंगाचा कण खडबडीत, अनियमित दिसतो. ऑफसेटवर एकसारख्या ठिपक्यांची जाळी दिसते. संगणकाच्या प्रिंटरमधून निघालेल्या नकलेवर बारीक फवारा उडाल्यासारखा दिसतो. १९४० च्या दशकातलं म्हणून दिलेलं पोस्टर चकचकीत जाड कागदावर असेल तर तिथेच शंका घ्यायची. चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला की नवी पोस्टरं छापली जात, हेही ध्यानात ठेवायचं. ‘मुघल-ए-आझम’ नोव्हेंबर २००४ मध्ये संपूर्ण रंगीत होऊन पुन्हा लागला. त्या वेळचं पोस्टर १९६० चं म्हणून घेणारा फसतो. पुनर्प्रदर्शनाची पोस्टरं खोटी नसतात, त्यांचाही इतिहास असतो. फक्त त्यांचं साल खरं लिहिलेलं असावं.

हाताने केलेल्या सहीची परीक्षा निराळी. शाई छपाईच्या वर बसलेली असते, त्यामुळे तिरप्या उजेडात ती वेगळी चमकते. कशाने लिहिलंय हेही बोलतं. जाड टोकाचे मार्कर बाजारात आले ते १९५० च्या दशकात. नट-दिग्दर्शक मास्टर विनायक १९४७ साली गेले. तेव्हा त्यांच्या नावाची मार्करने केलेली सही कितीही हुबेहूब असली तरी ती त्यांची असणं शक्य नाही. शाहू मोडक १९९३ पर्यंत हयात होते. त्यांनी जुन्या पोस्टरवर उतारवयात सही केली असू शकते. अशा वेळी सही कधी, कुठे आणि कुणासमोर झाली याची नोंद सोबत असेल तर ती वस्तू विश्वासाने हाताळता येते. नोंद नसेल तर केवळ अक्षराच्या वळणावर भरवसा ठेवावा लागतो, आणि अक्षर गिरवणारे हात आपल्याकडे कमी नाहीत.

जपणुकीतही प्रेमापोटी होणारं नुकसान फार. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावली की काही वर्षांत तिचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो. लॅमिनेशन केलेलं पोस्टर कायमचं प्लास्टिकात अडकतं. भिंतीवर उन्हात लावलं की लाल आणि पिवळा रंग आधी उडतो आणि चेहरे निळसर पडतात. जाणकार पोस्टर सपाट ठेवतात, आम्ल नसलेल्या कागदाच्या थरात, दमट भिंतीपासून लांब. झिजलेल्या घड्यांना मागून पातळ जपानी कागद किंवा सुती कापड पिष्टाच्या खळीने लावतात, म्हणजे गरज पडली तर पाण्याने ती सोडवता येते. कसर लागू नये म्हणून वरचेवर उघडून पाहतात. एकेका पोस्टराला असा वेळ द्यावा लागतो.

या सगळ्यात तालुक्याच्या गावांचा वाटा अजून मोजलेला नाही. संग्रहांमध्ये जमा झालेली पोस्टरं बहुतेक मुंबई-पुण्याच्या वाटेने आली: निर्मात्यांच्या कचेऱ्या, वितरकांची गोदामं, चोर बाजार. नेवासा, शेवगाव, श्रीरामपूर, गंगापूर, पैठण या पट्ट्यातल्या भिंतींवर जे लागलं, ज्यावर गावच्या पेंटरने थिएटरचं नाव लिहिलं, त्या कागदाला बाजारात ‘खराब प्रत’ म्हणतात, कारण त्यावर पट्ट्या चिकटलेल्या असतात आणि रंगाचे डाग असतात. इतिहासाच्या दृष्टीने हीच प्रत अधिक बोलते. कोरं पोस्टर चित्रपट कुणी केला एवढंच सांगतं. पट्टी लागलेलं पोस्टर तो कुठल्या गावात, कुठल्या थिएटरात, किती आठवडे चालला हे सांगतं, आणि गावात अक्षर कोण काढत होतं याचा पुरावा देतं. ती पट्टी पाण्याने सोडवून पोस्टर ‘साफ’ करणारा त्याचा अर्धा इतिहास धुऊन टाकतो.

म्हणून काही संग्राहकांनी आता वेगळी सवय लावून घेतली आहे. पोस्टर मिळालं की त्याच्या मागच्या बाजूला, कडेला, मऊ पेन्सिलीने ते लिहून ठेवतात: कुठल्या गावात मिळालं, कुठल्या थिएटरच्या किंवा तंबूच्या सामानातून आलं, वितरकाचं नाव दिसतं का, छापखाना कुठला, कोपऱ्यात सही कुणाची, वरची अक्षरं कुठल्या पेंटरची आणि हे सांगितलं कुणी. शाईने लिहीत नाहीत, कारण ती पुढच्या बाजूला फुटते. पट्टी आणि डाग तसेच ठेवून पोस्टराचा दोन्ही बाजूंनी फोटो घेतात. नगर जिल्ह्यातले हाताने अक्षर काढणारे जुने पेंटर आज साठी-सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्यापैकी कितीतरी जणांना आपण रंगवलेल्या पाट्या, पट्ट्या आणि होर्डिंगं चित्रपटाच्या नावासकट आठवतात, आणि विचारणारा समोर बसला तर कुठलं अक्षर आपलं आणि कुठलं शेजारच्या गावातल्या पेंटरचं हे ते बोट ठेवून दाखवतात.